आधी न्हाणी, मग देवघर

विजयादशमीचे सोने लुटून झाले की घरोघरी दीपावलीची चाहूल लागते. दसरा ते लक्ष्मीपूजन या अवघ्या वीस तिथी. एवढ्या अवधीत सारे घर नवे व्हावे, अशी प्रत्येक गृहस्थाची इच्छा असते. तथापि, एकाच वेळी सर्व खोल्या उघडल्या की गवंडी मिळत नाही, पैसा पुरत नाही आणि ऐन सणात देवसुद्धा गाठोड्यात राहतात. म्हणून एका वेळी एकच खोली, आणि तीही शक्य तेवढी आपल्याच हातांनी, हा मार्ग आम्ही गेल्या वर्षी पत्करला. त्याचा अनुभव या सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे घर नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) येथे, आष्टी तालुक्यात आहे. मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर, पुढे ओसरी, मागे परसू, असे हे जुने घर. दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडे सोयाबीनची कापणी चालते, कापसाची वेचणीही सुरू होते. त्या दिवसांत मजूर मागावा तर तो शेतात. स्वतः घमेले उचलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

प्रारंभ कोठून करावा, यावर घरात चर्चा झाली. देवघराच्या भिंतीचा गिलावा सुटून पडत होता, तेव्हा पहिला मान देवाचा, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले. आईने मात्र मान हलवली. तिचे वय ऐंशीच्या पुढे. श्रावणात ती न्हाणीतील गुळगुळीत फरशीवर घसरली होती आणि महिनाभर अंथरुणाला खिळून होती. ती एवढेच म्हणाली, "देवघरात मी बसते, न्हाणीत मी पडते." त्यावर कोणाला काही बोलता आले नाही.

कामाच्या दृष्टीनेही तिचेच म्हणणे योग्य ठरले. सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी द्यावे लागते. म्हणजे न्हाणी आधी उघडली तरच ती दिवाळीपूर्वी वापरात येते. आम्ही गुळगुळीत फरशी काढून खडबडीत शहाबादी बसवली. पाणी साचू नये म्हणून मोरीकडे दर मीटरला सुमारे दीड सेंटीमीटर उतार ठेवला. धरून उठण्यासाठी दांडी लावायची होती. पण मातीच्या भिंतीत खिळा वा स्क्रू टिकत नाही. म्हणून ती भिंतीलगतच्या सागवानी खांबाला जखडली. तेवढे दिवस आम्ही परसात आडोसा करून स्नाने उरकली.

पाणी देण्याच्या त्या दिवसांत दुसरी खोली उघडली नाही. त्या काळात देवघरासाठी चुना आणि माती भिजत घातली. येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. कळीचा चुना थोडा थोडा पाण्यात सोडावा. चुन्यावर पाणी ओतू नये. तो खदखदून उडतो आणि डोळ्यांस गंभीर इजा करतो. लहान मुलांना त्या जागी फिरकू देऊ नये.

मग देवघर. चौरंगावर देव माजघरात नेऊन बसवले. नित्यपूजा खंडित झाली नाही. गिलावा का सुटला, हे भिंत उघडी पडताच कळले. काही वर्षांपूर्वी आम्हीच हौसेने मातीवर सिमेंट चढवले होते. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती आत कोंडते. शिवाय आमच्या भागातील काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंत हलते, ताठर सिमेंट हलत नाही, आणि दोहोंची फारकत होते. आम्ही सैल झालेले सिमेंट काढले. गावठाणची पांढरी माती, शेण व कुटार एकत्र मळून भिंत पातळ थरांनी छाबली. एक थर वाळल्यावरच दुसरा दिला. कोनाड्यातील तेलकट काजळी सोड्याच्या कोमट पाण्याने धुतली, कारण काजळीवर चुना धरत नाही. शेवटी चुन्याचे पातळ हात दिले. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा होतो. म्हणून एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात बरे.

ज्यांच्या घरी जुना तेलरंग आहे, त्यांनी तो कोरडा घासू नये. त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात 2017 पासून कडक मर्यादा आहे, परंतु त्याआधीचे रंग भिंतींवर आहेतच. तसेच भार पेलणारी भिंत किंवा खांब जाणकाराच्या सल्ल्यावाचून हलवू नये. आपल्या हाताने करण्याचीही एक मर्यादा असते.

या मार्गाचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. 1936 मध्ये गांधीजी सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले. तेथील बापूकुटी मुळात मीराबहन यांची कुटी होती. पुढे गांधीजींच्या वास्तव्यासाठी ती गरजेनुसार वाढवली गेली. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, एवढ्यावर उभी असलेली ती वास्तू वेळोवेळी केलेल्या डागडुजीमुळे आजही पाहावयास मिळते. आपल्या घराला एवढी काळजी मिळाली तर तेही का टिकणार नाही?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी देव आपल्या जागी परतले. माजघराचे काम आम्ही मार्गशीर्षावर आणि ओसरीचे गुढीपाडव्यावर ठेवले. सर्व घर नवे झाले नाही, याची खंत वाटली नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सूनबाईंनी आईला तेल-उटणे लावले. दांडीला धरून आई न्हाणीत गेली, खडबडीत फरशीवर पाय रोवून बसली आणि अभ्यंगस्नान करून आपल्या पायांनी बाहेर आली. मग ओल्या केसांनी ती देवघरात गेली आणि तिने निरांजन लावले. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर त्या ज्योतीचा उजेड पडला. लक्ष्मीच्या स्वागताची तयारी पूर्ण झाल्याचे आम्हाला तेव्हा जाणवले.

वाचकहो, यंदा आपण कोणती खोली उघडणार, हे ठरवण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना एकदा अवश्य विचारा. आपणा सर्वांस ही दीपावली सुखाची जावो.