मालकी संपली, हाक उरली
लेखमाला : कृपेची वाट (लेखांक 6)

गेल्या आठवड्यात आपण रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय संपवला. पापाचा पसारा कितीही वाढला तरी कृपा त्याला पुरून उरते, हा त्याचा मथितार्थ. हे ऐकल्यावर कोणाही हिशेबी माणसाच्या मनात जी शंका येईल, ती पौल सहाव्या अध्यायाच्या आरंभी स्वतःच मांडतो. क्षमा इतकी मुबलक असेल तर पाप करत राहायला हरकत काय? उलट, जितके पाप जास्त तितकी कृपेची शोभा जास्त! पौल ही शंका झटकून टाकतो आणि मग संपूर्ण अध्यायभर एकच दृष्टान्त चालवतो. तो म्हणजे गुलाम आणि मालक.

इसवी सन 57 च्या सुमारास करिंथमधून हे पत्र गेले, तेव्हा रोमच्या मंडळीला हा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज नव्हती. सोळाव्या अध्यायात पौल ज्यांना सलाम सांगतो, त्यांतली कित्येक नावे त्या काळी गुलामांत आणि मुक्त झालेल्यांत रूढ होती. आपल्याला मात्र गुलामगिरी दूरदेशीची वाटते. निदान नाशिककरांनी तरी तसे समजू नये.

आज शरणपूर रोडवर सिग्नल, दवाखाने आणि दुकाने यांच्या गर्दीत संत आंद्रिया मंदिर उभे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे चर्च मिशनरी सोसायटीची ख्रिस्ती वसाहत होती आणि विल्यम प्राइस हे मिशनरी तिचे काम पाहत. पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे अरबी समुद्रातल्या गलबतांतून विक्रीला जात. ब्रिटिश आरमार अशी गलबते अडवी आणि सोडवलेल्यांपैकी अनेकांना मुंबईला उतरवी. हिंदुस्थानात 1843 च्या कायद्याने गुलामीला कोर्टाचा आधार उरला नव्हता, म्हणून बंदरात पाय ठेवला की माणूस मोकळा. पण मोकळा होऊन जाणार कुठे? त्यांच्यातल्या कित्येक मुलामुलींना नाशिकला, शरणपुरात, आसरा मिळाला. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे शिकली. जगाच्या इतिहासात ती ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली जातात.

त्यांच्यातलाच एक विल्यम जोन्स. तो पुढे पूर्व आफ्रिकेला परतला, 1885 मध्ये त्याला दीक्षा मिळाली आणि मोंबासाजवळच्या रबाई गावात मंडळीचे काम त्याच्याकडे होते. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईला येऊन राहू लागले. जो स्वतः विकला गेला होता, तो त्यांना परत कसा पाठवणार? हळूहळू त्यांची संख्या शेकड्यांवर गेली. ती माणसे झोपड्या बांधून राहत होती, शेती करत होती, उपासनेला बसत होती. पण किनाऱ्यावरच्या कायद्याप्रमाणे ती अजून कोणाच्या तरी मालकीची होती. मालक येत, धमकावत, माणसे परत मागत. अंगावर साखळी नव्हती, तरी रात्रीची झोप सुखाची नव्हती.

अखेर ब्रिटिश व्यापारी कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना भरपाई देऊन प्रश्न मिटवला आणि 1889 च्या आरंभी सुमारे 1,400 जणांना मुक्तीपत्रे मिळाली. त्या दिवशी रबाईत नेमके काय बदलले? झोपड्या त्याच, शेतेही तीच. जुना मालक अजून किनाऱ्यावरच होता, वाटेत भेटला तर पूर्वीसारखाच डोळे वटारू शकत होता. बदलली ती एकच गोष्ट : त्याच्या हाकेमागचा हक्क गेला. हाक आली तरी उठून जाण्याचे बंधन राहिले नाही.

सहाव्या अध्यायाचा गाभा हाच आहे. पाप तुमच्यावर सत्ता चालवणार नाही, कारण तुम्ही नियमशास्त्राच्या नव्हे तर कृपेच्या अमलाखाली आहात, असे पौल चौदाव्या वचनात सांगतो. पाप तुम्हाला हाक मारणार नाही, असे तो कुठेच म्हणत नाही. राग येईल, लोभ सुटेल, बाटली सोडून महिना झालेल्याला बाटली पुन्हा खुणावेल. अनेक विश्वासणारे इथेच खचतात. ‘अजून मोह होतो, म्हणजे माझे तारण झालेलेच नाही,’ असा निष्कर्ष ते काढतात. पण मोह होणे हा पापाच्या मालकीचा पुरावा नव्हे. ज्याची मालकी गेली, तोही हाका मारतच असतो.

मात्र रबाईचा दाखला एका जागी अपुरा पडतो. तिथे पैसे मालकांना मिळाले. ज्यांचे आयुष्य लुटले गेले होते, त्यांना भरपाई मिळाली नाही. कंपनीलाही किनाऱ्यावर शांतता हवी होती, कारण तिला व्यापार करायचा होता. पौल पापाला अशी कुठलीही रक्कम देऊ करत नाही. त्याचा युक्तिवाद वेगळाच आहे : गुलाम मेला की मालकाचा दावा आपोआप बुडतो. बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर मेलो, पुरले गेलो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनासाठी उठलो. म्हणून पाप जेव्हा जुना कागद घेऊन दारात येते, तेव्हा त्या कागदावर नाव असलेला माणूस आता हयात नाही. ‘स्वतःला पापाला मेलेले माना’ हा पौलाचा सल्ला मनाची समजूत घालण्यासाठी नाही. जे घडून गेले आहे ते धरून चाला, एवढेच तो सांगतो.

मग नियमशास्त्राचे काय? देवाची आज्ञा पवित्र आहे, यावर पौल ठाम आहे. परंतु आज्ञा दोष दाखवू शकते, बळ देऊ शकत नाही. आणि माणूस केवळ नियमांच्या आधारे शुद्ध व्हायला निघाला, तर नियम वाढतच जातात, भीती मात्र कमी होत नाही. याचे उदाहरण नाशिकच्या परिसरातच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर गंगेकाठचे जलालपूर. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे चित्र काढले आहे, ते वाचताना हसूही येते आणि पोटात तुटतेही. वडिलांच्या सासऱ्यांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाल्यापासून त्या सोवळ्याने घराचा ताबा घेतला. बाहेरून आलेले मीठ-साखरदेखील धुतल्याशिवाय घरात घेतले जात नसे. मीठ धुतले तर उरणार काय? पण भीतीने ग्रासलेल्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही, आणि त्याची झळ घरातल्या बायका-मुलांना लागते.

हे वाचून ख्रिस्ती वाचकाने स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. आपल्या मंडळ्यांचेही सोवळे असते. रविवारची हजेरी, दशांशाची वही, कोण सिनेमाला गेला, कोणाच्या घरी उपवास-प्रार्थना झाली नाही, यांवरून माणसाचे पावित्र्य मोजणारे आपल्यात कमी नाहीत. शिस्त चांगली, पण तिच्या जोरावर देवासमोर उभे राहू गेलो, की आपणही मीठच धुऊ लागतो. लक्ष्मीबाईंचे स्वतःचे उदाहरण उलट दिशेचे आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. लक्ष्मीबाईंनी तो 1900 मध्ये घेतला. नवऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी जातीचे बंधन टाकले नाही. मधल्या वर्षांत त्यांचा स्वतःचा विचार पिकला, तेव्हाच ते सुटले. हुकमाने जे होत नाही, ते कृपा सावकाश करते.

‘सावकाश’ हा शब्द मुद्दाम वापरला, कारण स्वातंत्र्य मिळाले तरी ते अंगी मुरायला वेळ लागतो. मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1866 मध्ये आफ्रिकेतल्या आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाले, तेव्हा शरणपूरचे काही तरुण त्यांच्याबरोबर होते. सुरुवातीलाच लिव्हिंग्स्टन त्यांच्या आळसाबद्दल तक्रारी करू लागले. पुढे काहींनी साथ सोडली. त्याच तुकडीतला एडवर्ड गार्डनर मात्र 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तोवर बरोबर राहिला. नंतर येऊन मिळालेल्या, शरणपुरातच शिकलेल्या जेकब वेनराइटने, लिव्हिंग्स्टन वारले तिथल्या झाडावर त्यांचे नाव कोरले. सोबत्यांनी त्यांचा देह महिनोन्महिने पायी वाहून किनाऱ्यावर आणला. वेनराइट तो घेऊन इंग्लंडला गेला आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. एकाच वसाहतीत वाढलेले, एकाच स्वातंत्र्याचे धनी असलेले हे तरुण. त्या स्वातंत्र्याचे प्रत्येकाने काय केले, ते वेगवेगळे निघाले.

सहाव्या अध्यायाचा उत्तरार्ध याच ठिकाणी बोट ठेवतो. तुम्ही ज्याच्या हाती आपले अवयव देता, त्याचे चाकर होता. पौल भावनांबद्दल नव्हे, अवयवांबद्दल बोलतो, हे ध्यानात घ्यावे. आज जीभ कोणाच्या चाकरीत आहे? मोबाइलवर फिरणारा अंगठा कोणासाठी राबतो? उधारीच्या वहीवर आकडा लिहिणारा हात कोणाचा? कृपेखालचे जीवन अशा छोट्या छोट्या सोपवण्यांतून घडते. गुलामीची भाषा इथे थोडी खटकते, आणि पौलालाही ते ठाऊक आहे. तुमच्या मर्यादा ओळखून मी माणसांच्या रीतीने बोलतो आहे, असे तो मध्येच सांगून टाकतो. कारण नवा धनी जुन्यासारखा नाही. पाप काम करून घेते आणि वेतन म्हणून मरण देते. देवाकडे वेतनाचा हिशेबच नाही, तो सार्वकालिक जीवन दान देतो.

आता सुरुवातीच्या शंकेचे उत्तर सरळ देता येते. कृपा आहे म्हणून पाप करत राहू, असे म्हणणारा माणूस मुक्तीपत्र खिशात ठेवून जुन्या मळ्यावर कामाला जातो. त्याला कोणी अडवणार नाही, पण त्याला स्वतंत्र कोण म्हणेल? आणि जो पडला, पुन्हा उठला आणि पुन्हा झुंजतो आहे, त्याने आपल्या पडण्याकडे पाहून मुक्तीपत्र खोटे ठरवू नये. ते त्याच्या वागण्यावर दिलेले नव्हते, त्यामुळे त्याच्या चुकीने रद्दही होत नाही.

तरीही एक अवघड प्रश्न राहतोच. मालकी खरोखर संपली असेल, तर जे करायचे नाही तेच माझ्या हातून का घडते, अशी कळवळून तक्रार करणारा माणूस याच पत्राच्या पुढच्या अध्यायात भेटतो. तो विश्वास ठेवण्यापूर्वीचा पौल की नंतरचा, यावर चर्चच्या थोर शिक्षकांत शतकानुशतके मतभेद आहेत. पुढच्या आठवड्यात सातवा अध्याय उघडू. वाचकांनी तो एकदा मोठ्याने वाचून यावे.