गोंगाट, इअरप्लग आणि पियानोचा सूर

लखनऊ म्हणजे तबला-तंबोऱ्याचं शहर, तिथे पियानोचं काय काम, असं वाटणं साहजिक आहे. भातखंड्यांनी 1926 मध्ये मॅरिस संगीत कॉलेज उभारलं ते याच शहरात. पण मिशनरी शाळा आणि चर्च यांच्यामुळे पियानोही इथे जुनाच. हार्मोनियम दुरुस्त करणारे लखनऊचे संगीतकार नौशाद मुंबईत आले, तेव्हा सुरुवातीला वाद्यवृंदात पियानोच वाजवत होते.

खरा घोळ आहे तो पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनरच्या कानांबद्दल. बाहेर रिक्षांचे भोंगे, आत कूलरची घरघर. अशा वेळी इअरप्लग घातले की गोंगाट थांबतो आणि पियानो तेवढा स्वच्छ ऐकू येतो, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. गॉगल लावला की ऊन आणि समोरचा माणूस दोन्ही सारखेच मंद दिसतात, तसंच हे. भोंगा आणि तार यांच्यातलं प्रमाण बदलत नाही. गोंगाट फारच कर्कश असेल, तर मात्र भांबावलेल्या कानाला प्लगमुळे थोडं स्पष्ट ऐकू येतं, एवढाच काय तो फायदा.

मग ट्यूनर प्लग वापरतात कशासाठी? पियानोपासून वाचायला! पियानो म्हणजे मवाळ वाद्य, त्याने कान कसे बिघडतील, हा समज चुकीचा आहे. पट्ट्या 88, तारा सव्वादोनशेच्या आसपास. खुंटी फिरवल्यावर तार पक्की बसावी म्हणून ट्यूनर पट्टी जोरात हाणतो, पुन्हा पुन्हा, आणि त्याचं डोकं तारांच्या अगदी जवळ असतं. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आवाज दिवसाला 8 तास चालतो. दर 3 डेसिबलला मुदत निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला फक्त 1 तास.

"कान बंद केल्यावर सूर कसा कळणार?" ही शंका कापसाच्या बोळ्यांपुरती आणि फोमच्या स्वस्त प्लगपुरती रास्त आहे. ट्यूनर नुसता स्वर ऐकत नाही, दोन तारांचे आवाज मिसळताना येणारा हेलकावा ऐकतो. 440 आणि 441 कंपनांच्या तारा एकत्र वाजल्या, तर सेकंदाला एक हेलकावा येतो. मधल्या सप्तकाखालच्या एफ-ए या जोडीत तो मुद्दाम सेकंदाला सुमारे 7 ठेवायचा असतो, आणि तो ऐकू येतो वरच्या, 880 कंपनांजवळच्या उपस्वरात. वरच्या सप्तकांत हे उपस्वर आणखी उंच जातात, आणि फोम नेमके उंच स्वरच जास्त गिळतो. संगीतकारांसाठी बनवलेले प्लग सगळे स्वर जवळपास सारखेच, साधारण 15 डेसिबलने खाली आणतात. हेलकावा शाबूत राहतो.

राहिलं सूर मोजणारं मोबाइलचं ॲप. ते बऱ्याच गोंगाटातही एका तारेची उंची अचूक दाखवतं, पण वरच्या सप्तकातल्या क्षीण आवाजावर गडबडतं. एका स्वराच्या तिन्ही तारा एकजीव झाल्या की नाही, हे शेवटी बहुतेक ट्यूनर कानानेच ठरवतात.

तेव्हा घरी किंवा सभागृहात ट्यूनर बोलावलात, तर दोन तास कूलर आणि पंखे बंद ठेवा, आणि मंडपवाल्याला माइकची चाचणी नंतर करायला सांगा.