गाडी एका बाजूस का ओढते?

बेळगावातील पुष्कळ मराठी घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत. वर्षातून एकदा तरी चोर्ल्याचा घाट उतरून देवदर्शनाला जाणे हा अशा घरांचा नेमच असतो. गेल्या आश्विनात आम्हीही मातोश्री, सौभाग्यवती आणि मुले यांना घेऊन कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनाला निघालो. त्या प्रवासात जे घडले ते येथे सांगण्याचे कारण एवढेच, की ज्या दुखण्याकडे आम्ही महिनाभर काणाडोळा केला, ते वाचकांपैकी कोणाच्याही मोटारीला जडलेले असू शकेल.

दुखणे वरवर पाहता क्षुल्लक होते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस दारात उभी होती. भाद्रपदात ती बाहेर काढली तेव्हा किंचित डावीकडे ओढते, असे जाणवले. स्टिअरिंगला उजवीकडे जरासा ताण दिला की ती सरळ चाले, म्हणून काही दिवस आम्ही तसेच निभावून नेले. पुढे शेजाऱ्यांच्या सल्ल्यावरून चाकांची अलाइनमेंट करून घेतली. यंत्राने थोडा फरक दाखविला, तो दुरुस्त झाला, पैसे दिले. घर दोन किलोमीटरवर. तेवढ्या अंतरात गाडी अगदी सरळ आली. रोग गेला, असे समजून आम्ही स्वस्थ झालो.

प्रवासाच्या दिवशी जांबोटीपर्यंत तक्रार नव्हती. कणकुंबीच्या सुमारास ओढ पुन्हा सुरू झाली, तेव्हा आम्ही रस्त्याला दोष दिला. घाट उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी एकाएकी डावीकडच्या कठड्याकडे वळली. मागे बसलेल्या मातोश्रींनी देवीचा धावा केला. गाडी थांबली तेव्हा कठडा हातभर अंतरावर होता, आणि काहीतरी करपल्याचा वास येत होता. गाडी पुरती थंड होईपर्यंत आम्ही तेथेच थांबलो. मग पहिल्या गिअरमध्ये हळूहळू केरीला उतरलो आणि साखळीत एक गॅरेज गाठले.

तेथील वयस्क मेस्त्रींनी हत्याराला हात लावण्यापूर्वी प्रश्न केला, "पात्रांव, गाडी ओढते ती केव्हा? सारखी, ब्रेक दाबल्यावर, की तापल्यावर?"

आम्हाला उत्तर देता येईना. सौभाग्यवतीच म्हणाल्या, "निघताना नाही ओढत. तासाभराने ओढू लागते."

मेस्त्रींनी मान हलविली. चाकांना स्पर्श न करता त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात नेऊन पाहिला. उजवे चाक कोमट होते. डाव्या चाकाची धग सोसवत नव्हती. जॅक लावून डावे चाक उचलले तर ते हाताने फिरेना. उभ्या गाडीत ओल शिरून ब्रेकच्या कॅलिपरमधील पिस्टन गंजला होता. पाय काढल्यावरही तो पुरता मागे सरत नव्हता, त्यामुळे ते एक चाक सतत ब्रेक लागल्याप्रमाणे घासत होते. जसजसे तापे, तसतसे ते अधिकच धरून ठेवी. अलाइनमेंट आम्ही केली ती थंड गाडीची. मग दोष सापडावा कसा?

'केव्हा' हा प्रश्न आम्ही आधीच स्वतःला विचारला असता तर ती वेळ आली नसती. तेव्हा तपासणीचा जो क्रम आम्ही त्या दिवशी शिकलो, तो येथे देतो.

प्रथम रस्ता पाहावा. पाणी निचरून जावे म्हणून रस्त्याला मधून कडेला उतार दिलेला असतो. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे कलणे स्वाभाविक आहे. निर्मनुष्य, सपाट, सरळ रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगाने जाऊन, हात स्टिअरिंगवर सैल ठेवून परीक्षा घ्यावी. हात सर्वस्वी सोडू नयेत. उतार डावीकडे असूनही गाडी उजवीकडे ओढत असेल, तर दोष रस्त्याचा नव्हे, गाडीचाच समजावा.

दुसरी गोष्ट हवेची. ज्या बाजूच्या पुढच्या टायरात हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. हवा टायर थंड असतानाच मोजावी. किती पौंड भरावी हे बहुधा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेले असते.

हवा ठीक असेल तर पुढच्या दोन टायरांची आपसात अदलाबदल करावी. ओढ बाजू बदलेल किंवा नाहीशी होईल, तर दोष टायरचाच. नवा टायरदेखील आतील पट्ट्यांच्या ठेवणीमुळे एकीकडे ओढू शकतो. मात्र ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, त्याची बाजू बदलू नये.

चौथी पायरी ब्रेकची. केवळ ब्रेक दाबतानाच गाडी ओढत असेल, तर बहुधा विरुद्ध बाजूचा ब्रेक दुबळा असतो, कारण जो ब्रेक अधिक धरतो त्याच्याकडे गाडी वळते. ब्रेक न दाबताही ओढ असेल आणि तापल्यावर ती वाढत असेल, तर ओढीच्याच बाजूचे चाक घासत असल्याचा संशय घ्यावा. दोष कॅलिपरचा असतो, किंवा आतून फुगलेल्या रबरी होजचाही असू शकतो.

एवढे झाल्यावर अलाइनमेंटकडे वळावे. पुढच्या दोन चाकांचा कॅम्बर किंवा कॅस्टर सारखा नसेल तर गाडी ओढते. मोठ्या खड्ड्यात आदळल्यानंतर ओढ सुरू झाली असेल, तर लोअर आर्म, बुश आणि बॉल जॉइंट आधी तपासावेत. वाकलेल्या भागावर केलेली अलाइनमेंट टिकत नाही. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडे राहते, ही तक्रार निराळी. तिचे मूळ बहुधा टो या कोनात असते.

धावत्या गाडीत ओढ एकाएकी आली तर टायर पंक्चर झाल्याचे समजावे. जोराने ब्रेक न दाबता स्टिअरिंग घट्ट धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा आणि वेग मंदावल्यावर गाडी कडेला घ्यावी.

मेस्त्रींनी पिस्टन साफ केला, नवे सील आणि दोन्ही चाकांना नवे पॅड घातले. देवीचे दर्शन त्या दिवशी दुपारऐवजी सायंकाळी घडले. परतताना घाट चढून कणकुंबीला आलो तेव्हा आम्ही मुद्दाम थांबून दोन्ही चाकांजवळ हात नेला. धग दोहोंची सारखीच होती.

सणासुदीचा प्रवास ठरला की आपण फराळाचे डबे आठवणीने भरतो. त्यासोबत आदल्या दिवशी गाडी तासभर चालवून पाहावी. आणि ती ओढत असेल तर कोणत्या बाजूला व केव्हा, हे कागदावर टिपून मेस्त्रींच्या हाती द्यावे, एवढीच वाचकांस विनंती.