घडीची सायकल, आपल्या कामाची

मी मनीषनगरातून बोलतेय. आज गप्पा सायकलीच्या, पण जरा वेगळ्या. चाकं लहान आणि मधोमध दुमडणारी, अशी ही घडीची सायकल.

आधी आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट सांगते. ताईंना सीताबर्डीला शिवणकामाचं चांगलं काम मिळालं. मेट्रोनं जाणं सोपं. पण घरापासून उज्ज्वलनगर स्टेशनपर्यंत ऑटो, परत येतानाही ऑटो. रोजचे साठ रुपये! महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दीड हजार झाले. दुसऱ्याच महिन्यात ताई म्हणाल्या, "काम सोडते, उरतच नाही काही." साधी सायकल होती घरी, पण ती दिवसभर स्टेशनबाहेर ठेवायची भीती वाटायची.

तेव्हा आमच्या बैठकीत घडीच्या सायकलीचा विषय निघाला.

लहान चाक म्हटलं की आपल्याला पोरांची सायकल आठवते. हा समज १९६२ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी मोडला. त्यांची सायकल घडीची नव्हती, पण लहान चाकांवर मोठी माणसंही आरामात दूर जातात हे तिनं दाखवलं. पुढे लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १६ इंची चाकांची, घडी होणारी ब्रॉम्प्टन सायकल बनवली. आपल्याकडे जास्त करून २० इंची चाकांची मिळते.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "लहान चाक म्हणजे जास्त पायडल मारावे लागतील ना?" तर नाही. २६ इंची चाक एका फेऱ्यात दोन मीटर जातं आणि २० इंची दीड मीटर, हे खरं. पण ती कसर भरून काढायला पायडलजवळचं दातेरी चक्र मोठं दिलेलं असतं. लहान चाक चटकन वेग घेतं, गर्दीत पटकन वळतं. शिवाय मधला दांडा खाली असतो, त्यामुळे साडीतही चढता-उतरता येतं. पदर आणि ओढणी मात्र नीट खोचून घ्या.

आता उणी बाजूही ऐका. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं, त्यात लहान चाक अडकतं. पहिल्याच आठवड्यात मी एका खड्ड्यात आपटले आणि गुडघा फोडून घेतला. म्हणून रस्त्यावर नजर हवी, पावसात तर जास्तच. टायरवर लिहिलेली असते तेवढी हवा ठेवा. वजन बारा ते पंधरा किलो भरतं, तेव्हा जिन्यापेक्षा लिफ्ट बरी. मागे कुणाला बसवू नका. ट्यूबचं माप लिहून ठेवा आणि एक जादा ट्यूब घरी असू द्या.

घडी करायच्या जागा तीन: हँडलचा दांडा, मधला सांधा आणि सीट. घरी अंगणात दहा वेळा सराव करा, मग स्टेशनवर घाबरायला होत नाही. बसण्याआधी मात्र प्रत्येक खटका घट्ट बसला ना, हे हातानं ओढून बघायचंच. सांधा उघडा राहिला तर चालत्या सायकलीची घडी होईल!

आपल्या मेट्रोत सायकल नेता येते. तरी गर्दीची वेळ टाळा आणि डब्यात घडी करून जवळ धरा.

फिरायलाही ही कामाची आहे. एका रविवारी ताईंकडूनच मागून घेतली, सीट वर केली आणि रेल्वेनं वर्ध्याला गेले. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट. महात्मा गांधी १९३६ साली तिथे राहायला आले. बापू कुटीजवळ सावलीत डबा खाल्ला. तिथून पवनारला, धाम नदीकाठी. विनोबांनी १९५९ साली खास स्त्रियांसाठी सुरू केलेलं ब्रह्मविद्या मंदिर तिथे आहे. कुठे थांबायचं, किती वेळ बसायचं, हे त्या दिवशी माझं मी ठरवलं. रेल्वेत एक लक्षात ठेवा. सोबतच्या पेटीसाठी १०० × ६० × २५ सेंटीमीटर असं माप आहे. घडीची सायकल त्याहून जाड भरते. म्हणून आधी लगेजच्या खिडकीवर विचारा, लागलं तर पावती करा.

ही सायकल सगळा रस्ता चालवण्यासाठी घेऊ नका. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते काम, ही दोन टोकं जोडायला घ्या. साध्या सायकलीपेक्षा ती महाग आहे, हे खरंच. आमच्या गटानं ताईंना पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं. ऑटोचे वाचलेले पैसे त्या हप्त्यात भरतात. पाच हप्ते झालेत, एकही चुकला नाही. आणि काम? ते सुरूच आहे.

तुमच्या गटातही कुणाचं काम असंच ऑटोभाड्यापायी सुटत असेल. पुढच्या बैठकीत विचारून तर बघा.