जुनं इझल, जुनी ठवणी

ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली, शके 1212 म्हणजे 1290 मध्ये. ज्ञानेश्वर माउली ज्याला टेकून बसले असं मानतात, तो पैस खांब इथल्या मंदिरात आजही आहे. पारायणाच्या या मुलखात घरात मिरवण्याजोगी जुनी वस्तू म्हणजे चित्रकाराच्या इझलच्या आधी पोथी ठेवून वाचायची घडीची ठवणी.

चांगल्या ठवणीची सगळी गंमत सांध्यात असते. एकाच जाड फळीला जाडीतून करवत घालतात, मधले दात मात्र एकमेकांत गुंतलेले ठेवतात. उघडली की फुलीसारखी उभी. ना खिळा, ना बिजागरी, ना सरस. घेताना ती मिटून पाहा. दोन्ही पाती एकाच फळीची असतील, तर कडेने लाकडाच्या रेषा जुळतात. मधून सळई गेलेली दिसली, तर ती दोन फळ्यांची जोडणी. वापरायला हरकत नाही, पण त्या मानाने भाव द्यावा.

इझल घ्यायचंच असेल, तर मागच्या पायाची साखळी आणि पितळी चाकीचे आटे आधी तपासा. भोकांतून ताजा भुसा गळत असेल, तर कीड जिवंत आहे. रंगाचे जुने थेंब खरवडू नका. पॉलिशवाला हमखास खरवडतो. कलाशाळेत टांग टाकून बसायची ‘डाँकी’ (इझल जोडलेलं बाकडं) मिळाली, तर फारच छान, फक्त ती दिवाणखान्यात बरीच जागा अडवते.