शस्त्रवैद्याची तलवार

तलवार म्हटली कीं रणांगण डोळ्यांपुढें उभें राहतें. ती शिपायानें बाळगावी हें कोणासही पटेल. परंतु ज्याचें काम जखमा बांधण्याचें, त्या शस्त्रवैद्याच्या कमरेस तलवार कशाला? अमेरिकेच्या सैन्यांतील एका जुन्या तलवारीच्या आधारें या प्रश्नाचें उत्तर वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही तलवार इ. स. १८४० च्या नमुन्याची म्हणून ओळखली जाते. पातें सरळ, अरुंद व सुमारें २८ इंच लांब. मुठीस सोन्याचा मुलामा. मुठीजवळील चिमुकल्या ढालीवर ‘एम्. एस्.’ अशीं रुपेरी अक्षरें असत; त्यांचा अर्थ ‘मेडिकल स्टाफ’, म्हणजे वैद्यक खातें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील चिकोपी येथील एम्स कारखान्यांत अशा तलवारी तयार होत. पगार वांटणाऱ्या खात्याची तलवारही याच घडणीची असे. ढालीवरील अक्षरें मात्र निराळीं. यावरून उघड होतें कीं, ही तलवार लढण्याकरितां नव्हती. ती अधिकाराची खूण होती.

अशा खुणेची गरज होतीच. सैन्यांत हुद्द्यावांचून शब्दास वजन येत नाहीं, आणि त्या काळीं तेथील वैद्यांस लष्करी हुद्दाच नव्हता. १८४७ सालीं काँग्रेसनें कायद्यानें त्यांस हुद्दे दिले. तथापि इतर खात्यांवर हुकूम चालविण्याचा अधिकार दिला नाहीं.

या उणीवेचें फळ पुढें यादवी युद्धांत जखमींस भोगावें लागलें. त्यांस वाहून नेणाऱ्या गाड्या सामानखात्याच्या ताब्यांत असत. १८६२ च्या ऑगस्टअखेर बुल रनच्या दुसऱ्या लढाईनंतर कित्येक जखमी अनेक दिवस मैदानांतच पडून राहिले. पोटोमॅक सैन्याचे मुख्य वैद्य जोनाथन लेटरमन यांनीं मात्र सेनापति मॅक्लेलन यांच्या आज्ञेनें आपल्या सैन्यांतील गाड्या, घोडे व माणसें वैद्यांच्या हुकमतीखालीं आणविलीं होतीं. १७ सप्टेंबर १८६२ रोजीं अँटिटमची घनघोर लढाई झाली, तेव्हां त्या सैन्याचे हजारों जखमी सुमारें एका दिवसांत मैदानांतून हालविले गेले. वैद्याच्या हातीं अधिकार आला, आणि जखमींचे प्राण वांचूं लागले.

वैद्याचें रक्षण तर तलवारीनें नव्हे, कायद्यानें झालें. १८६४ च्या जिनिव्हा करारानें युद्धांतील वैद्य व शुश्रूषक तटस्थ मानले गेले. १९०६ च्या करारांत असेंही ठरलें कीं, स्वतःच्या व रोग्यांच्या बचावापुरतें शस्त्र बाळगल्यास वैद्याचें हें संरक्षण जात नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें डॉक्टर होतील, कांहीं अधिकारी होतील. त्यांनीं या तलवारीची गोष्ट ध्यानांत ठेवावी. अधिकार मागण्यांत कमीपणा नाहीं. मात्र तो मिरविण्याकरितां नसून, मैदानांत पडलेल्या माणसापर्यंत गाडी वेळेवर पोंचावी याकरितां असावा.