डिसेंबरात वाढणारा खर्च

मार्चमध्ये मुंबईत मंजूर झालेल्या अर्थसंकल्पाला डिसेंबरात नागपूरच्या विधानभवनात ठिगळ लागतं, ते पुरवणी मागण्यांचं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ नुसार मूळ तरतूद अपुरी पडली किंवा नवा खर्च उद्भवला, तर सरकार जादा रक्कम मागू शकतं. नागपूर अधिवेशनात २०२३ साली ५५,५२० कोटी, २०२४ मध्ये ३५,७८८ कोटी आणि २०२५ मध्ये तब्बल ७५,२८६ कोटी रुपये मागितले गेले. शेवटच्या आकड्यात अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांची मदत होती. ती टाळणं शक्यच नव्हतं. पण दरवर्षीच एवढी भर पडत असेल, तर मूळ अंदाजच तोकडा असतो, असं म्हणावं लागतं.

महिलांना दरमहा पैसे देणाऱ्या ‘लाडकी बहीण’ योजनेचं गणित पाहा. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. २०२५-२६ ची ३६,००० कोटींची तरतूद बरोबर दोन कोटी बहिणींना पुरते. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं या रोजच्या खर्चालाही उसनवारी. राज्यावरच्या कर्जाचा अंदाज होता ९.३२ लाख कोटी.